आष्टीच्या वाटेवरचा चढ

बाभळींना पुन्हा कापूस लागला आहे.

बाहेरगावच्या माणसाला हे वाक्य चुकलेलं वाटेल. पण दिवाळी सरली, सकाळचं ऊन पाठीवर घ्यावंसं वाटू लागलं, की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या रस्त्यांवर कापसाच्या बैलगाड्या सुरू होतात. गाडीवर घराएवढा कापूस रचलेला असतो. ती बाभळीखालून जाते आणि बाभूळ आपला वाटा काढून घेते. काट्याकाट्याला पांढरा पुंजका. सिंदी मेघेच्या माझ्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत मी रोज सकाळी चालत जातो. परवा या हंगामातला पहिला पुंजका दिसला. काढून घेतला. चालता चालता बोटं आपोआप कामाला लागली. तंतू ओढले, दोन अंगठ्यांत धरून सरळ केले, लांबी पाहिली. सरकी दाताखाली फोडली. कट् झालं, म्हणजे माल कोरडा. कोणाचा होता देवाला ठाऊक, पण पहिल्या प्रतीचा होता.

आता मी कचेरीत खुर्चीवर बसतो. तरी बोटं ग्रेडरचीच राहिली आहेत.

त्याच संध्याकाळी मेव्हणा आला. सुधाकर त्याचं नाव, हायस्कुलात मास्तर आहे. नवी मोटारसायकल घेतली आहे आणि तिच्यावर नव्या नवरीसारखा जीव आहे. चहाची बशी हातात धरूनच म्हणाला, "भाऊजी, नागपूरले एक वर्कशॉप आहे म्हणतात. मागचं चाक रोलरवर ठेवतात, गाडी जागच्या जागी पळवतात. काटा सांगते तिच्यात किती ताकद आहे ते. मंग पाहून पाहून ट्यून करून देतात. माही चढावर जराशी रडते. नेऊ का नको?"

मी विचारलं, "आधी उघडून पाहिली का?"

"मी कायले उघडू? मी मास्तर आहो, मिस्त्री नाई."

मी चहा खाली ठेवला. हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. माझ्याच तोंडून.

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. मी बी.एस्सी. अ‍ॅग्री. झालो होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, आणि गावातलाही. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं होती त्यांनी खुशाल हसावं. आमच्या घरी कपाटच नव्हतं. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून, कापसाची प्रत ठरवायला, मी लागलो, पण हंगामी. दसऱ्यानंतर कामावर, कापूस संपला की घरी. सोमवार, बुधवार, गुरुवार आणि शनिवारी दुपारपर्यंत आर्वीला, मंगळवारी आणि शुक्रवारी आष्टीला. मुक्काम आर्वीत एका खोलीत, आणि शनिवारी दुपारून गावी.

दोन केंद्रं सांभाळायची तर एस.टी.च्या भरवशावर जमणारं नव्हतं. म्हणून एक जुनी मोटारसायकल घेतली. आमच्याकडे तिला फटफटीच म्हणत. ती घेऊन मी पहिल्यांदा गावात शिरलो तेव्हा गोठ्यातले बैल दावं तोडायला निघाले होते. बाबा बाहेर आले. बैलांना आधी गप्प केलं, मग फटफटीभोवती एक पूर्ण चक्कर मारली, बैलाचा खांदा पाहावा तसा हँडलचा दांडा दाबून पाहिला.

"बाबा, बसा ना मागं. गावातून एक चक्कर मारू."

"नाई बाप्पा. मधात बंद पडली तं लोकं म्हणतीन, बुढ्याच्या वजनानं बसली."

बाबांनी कधी शाळा पाहिली नव्हती. पण जनावर पाहून त्याचं वय, त्याची खोड आणि मालकाचा स्वभाव, तिन्ही सांगत. फटफटीचं वय त्यांनी मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी नाराज झालो असतो.

हंगाम सुरू झाला आणि कार्तिकातच तिनं रंग दाखवला. आष्टीच्या वाटेवर एक लांब चढ आहे. सपाटीवर ती छान पळायची. चढ लागला, मी अ‍ॅक्सिलेटर पिळला, की आवाज बसायचा. घशात घास अडकलेल्या माणसासारखी घुटमळायची आणि अर्ध्या चढावर बंद. दहा मिनिटं थांबलं, किका मारल्या, की पुन्हा सुरू. चार पावलं गेली की पुन्हा तेच. मग उतरून ढकलायची. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि मी वाकून ढकलतो आहे. बाजूच्या वावरात बाया कापूस वेचत असायच्या, पोटाशी ओटी बांधून. त्यांतली एक दर वेळी ओरडायची, "साहेब, ढकलाले येऊ काय?" आणि बाकीच्या खिदळायच्या.

आष्टीला पोचेपर्यंत गाड्यांची रांग लागलेली असे. बैल सोडलेले, शेतकरी जुवाला टेकून बसलेले. ग्रेडरनं हात लावल्याशिवाय गाडी काट्यावर चढत नाही. मी उशिरा, म्हणजे सगळेच उशिरा. कोणी पहाटेच निघून आलेला, कोणाचे बैल उपाशी.

"या साहेब, या. आमी म्हटलं साहेब आता होळीलेच येतीन."

"आमचे बैल बरे बावा. चढावर थांबले का शेपूट पिरगाळलं, का चालतेत."

"मंग साहेबाच्या फटफटीले शेपूट लावून द्या नं!"

मी हसायचो. आतून हसू येत नव्हतं. तिसऱ्यांदा उशीर झाला तेव्हा आमच्या केंद्रप्रमुखांनी मला बोलावलं. माणूस भला होता, म्हणूनच स्पष्ट बोलला. "हंगाम संपला की कायम करायच्या माणसांची यादी वर जाते. तुमच्या हाताबद्दल माझी तक्रार नाही. पण रांगेतल्या माणसांची तुमच्याबद्दल आहे. अजून एकदा असं झालं तर मला ते लिहावं लागेल." मी मान हलवली. बाहेर येऊन रुईच्या ढिगाशी उभा राहिलो. हवेत तंतू उडत होते, पापण्यांवर बसत होते. कायम झालो नाही तर पुढल्या पावसाळ्यात मी काय असेन? पदवी घेऊन पिकात डवरा, म्हणजे कोळपं, हाकणारा. डवरा हाकण्यात लाज नाही, पण तो तर मला पदवीशिवायही येत होता.

घरी यातलं काही सांगितलं नाही. बाबा विचारत, "कशी आहे फटफटी?" मी म्हणे, "एक नंबर."

आर्वीत एस.टी. डेपोच्या मागे मडावी मिस्त्रीचं टिनाचं शेड होतं. उमर पन्नाशीची, अंगानं काटक. आधी जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. बायकोशी गोंडीत बोलायचा, गिऱ्हाइकाशी आमच्या बोलीत आणि इंजिनाशी मुक्यानं. लांब पेचकस इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. एवढ्यावर सांगायचा, बेअरिंग गेलं का पिस्टन. मी ते पाहायचो आणि मनात म्हणायचो, हे काही शास्त्र नव्हे. मी स्वतः दिवसभर अंगठ्यानं धागा मोजतो आणि दातानं ओल तपासतो, हे त्या क्षणी मला आठवत नसे.

माझ्या गाडीचा प्लग काढला की काळाकुट्ट निघायचा. मिस्त्री तो पुसायचा, कार्बुरेटरचा स्क्रू फिरवायचा, कान लावायचा. म्हणायचा, "आवाज बरोबर आहे साहेब. पण दम कोंडल्यावानी करते." एकदा पुढं असंही काही म्हणाला होता, "कापसाच्या दिवसात हे असंच राहू देऊ नं?" मी घड्याळ पाहत होतो. म्हटलं, "राहू द्या, राहू द्या, मला घाई आहे." त्यानं मान डोलावली आणि झाकण लावलं.

अशात एका सहकाऱ्यानं नागपूरच्या त्या माणसाचं सांगितलं. लष्करातून निवृत्त झालेला, लिलावात एक यंत्र घेऊन आलेला. तसलंच, सुधाकर म्हणतो तसलं. मागचं चाक लोखंडी रोलरवर, रोलरला ब्रेक, ब्रेकला काटा. चढावर गाडीवर जेवढा भार येतो तेवढा खोलीत बसून टाकता येतो, आणि गाडी कुठे गुदमरते ते काटा दाखवतो. मी तर ऐकूनच खूश झालो. अंदाज नाही, कान नाही, चक्क आकडा! पदवीधर माणसाला शोभेल असा इलाज. मी पत्र टाकलं. उत्तराचं पोस्टकार्ड आलं: सोमवारी गाडी आणा, दोन दिवस लागतील.

ते पोस्टकार्ड मी किती दिवस खिशात बाळगलं. दिवसातून दहादा काढून पाही. भर हंगामात दोन दिवसांची रजा, आणि तीही हंगामी माणसानं! नेमकी तीच केंद्रप्रमुखांच्या डोळ्यावर यायची. न जावं तर पुन्हा चढ, पुन्हा रांग, आणि या वेळी कागदावर शेरा. आणखी एक गोष्ट होती, ती मी स्वतःलाही नीट सांगत नव्हतो. मडावी मिस्त्रीला काय सांगायचं? तुझ्या कानावर माझा भरवसा नाही? आर्वी लहान गाव. माझी गाडी नागपूरला गेली हे त्याला माझ्याआधी चहावाला सांगणार. कापसाची प्रत करताना मी हात लावायचो आणि तिथंच निकाल द्यायचो, मिनिटभरही लागत नसे. इथं मात्र पंधरा दिवस मी एकच पुंजका ओढत बसलो होतो.

शेवटी एका गुरुवारी रजेचा अर्ज लिहिला. अर्ज द्यायच्या आधी मिस्त्रीला तोंडावर सांगायचं ठरवलं. मागून सांगणं मला जमत नाही. दिवस मावळायचा होता. मिस्त्री शेडपुढे बसून हात रॉकेलनं धूत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. रोलर, काटा, दोन दिवस, सगळं.

त्याला वाईट वाटलं असेल तर दिसलं नाही. हात पुसत म्हणाला, "जा साहेब, जरूर जा. मशीन थे मशीन. म्या जिनात पाह्यली आहेत मशिना. फकत जाच्या आंधी थे मुसकं काढून घेजा. नागपूरवाले हासतीन."

"कोणतं मुसकं?"

मिस्त्रीनं पेचकस घेतला, गाडीच्या बाजूच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले आणि बोट दाखवलं. इंजिनात हवा जाण्याचं जे तोंड असतं त्याच्यावर मांजरपाटाचं फडकं बांधलेलं होतं. दुहेरी, सुतळीनं आवळून. त्यावर रुईचा इतका थर बसला होता की फडकं आहे की लोकरीचा नमदा, कळत नव्हतं.

"तुमी नाई लावलं हे?"

"नाही."

"आरे बापा! मले वाटलं साहेबानंच लावलं. शेतकीचं शिकलेले आहेत, पुस्तकात असन काही. म्या तं दोनदा धुऊन, वाळवून जसंच्या तसं बांधून देल्लं."

"अहो, मग मला विचारायचं नाही का?"

"इचारलं होतं नं. म्हटलं, कापसाच्या दिवसात हे असंच राहू देऊ काय? तुमी म्हणाले राहू द्या." मग म्हणाला, "शिकलेल्या माणसाले दोनदा कसं इचारावं, साहेब?"

मी खाली बसलो. त्या मातीत, त्या ऑइलच्या डागांवर, इस्त्रीच्या पँटसकट. फडकं कोणी बांधलं हे विचारायची गरज नव्हती. गाठ ओळखीची होती. डवरणीच्या वेळी बैलानं उभं पीक खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला मुसकं बांधतात. आमचे बाबा त्याची गाठ अशी घालतात की सुतळीचं टोक आत दडतं, बैलाची जीभ पोचत नाही. लहानपणी ती गाठ शिकायला मला आख्खा पावसाळा लागला होता. इथं टोक तसंच आत दडवलेलं होतं.

मिस्त्रीनं फडकं काढलं. किक मारली, डोळे मिटले, स्क्रू अर्धा आटा फिरवला, पुन्हा ऐकलं. म्हणाला, "आता इचारा तिले."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. खिशात रजेचा अर्ज होता, अजून दिलेला नव्हता. सकाळची थंडी, तुरीच्या फुलांचा वास, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या झालेल्या बाभळी. चढ दिसला. पिळला अ‍ॅक्सिलेटर. आवाज बसण्याची वाट पाहिली. तो बसला नाही. अर्धा चढ गेला, जिथं मी नेहमी उतरायचो तो दगड गेला, आणि ती एखाद्या ताज्या गोऱ्ह्यासारखी वर चढून गेली. वर पोचलो तेव्हा मी मोठमोठ्यानं हसत होतो. एकटाच. वावरातली ती बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पाह्य वं बाई," ती शेजारणीला म्हणाली, "ग्रेडर बह्याडला!" वर्षानुवर्षं डोक्यावर असलेला भारा कोणीतरी मागून अलगद उचलून घ्यावा, तसं मला झालं होतं. बह्याड म्हणजे वेडा; तेही गोड लागलं.

आष्टीला पोचलो तेव्हा बैल सुटायचे होते. रांगेतले लोक चक्क हिरमुसले. "आज फटफटी घरी ठेवून आले काय साहेब?" दुपारी अर्ज फाडला. नागपूरला पोस्टकार्ड टाकलं, की तूर्त येत नाही, आभारी आहे.

शनिवारी गावी गेलो. बाबा गोठ्यात कडबा तोडत होते. मी फडकं त्यांच्यापुढे ठेवलं.

"सापडलं का? मी म्हणो धुवाले काढावं आता."

"हे तुम्ही का बांधलं, बाबा?"

"काऊन म्हणजे? दिवसभर कापसात उभी राह्यते ते. एक दिवस तू अंगण्यात चालू ठेवून पानी प्याले गेला, तवा बाजूचं झाकण ढिलं दिसलं, काढलं. म्या बोट लावून पाह्यलं तं बोट आत ओढून राह्यली. म्हटलं, बोट ओढते तं कापूस नाई खाईन? बैलानं दोन कणसं खाल्ले तरी आपला जीव जाते. मंग दर आयतवारी पाहो, ढिलं झालं तं आपल्या गाठीनं पुन्हा बांधो."

इंजिन हवा ओढतं, हे मला कॉलेजात एका प्राध्यापकानं फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. बाबांना ते एका बोटानं कळलं होतं. मी त्यांना समजावून सांगितलं, की तिला वारा लागतो, वारा अडला की चढावर दम कोंडतो. ते ऐकत राहिले. मग एकदम म्हणाले, "बंद पडत होती काय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. चढ, रांग, केंद्रप्रमुख, यादी, सगळं सांगितलं.

बाबांनी फडकं हातात घेतलं. "म्हणजे म्या तुह्या नवकरीलेच मुसकं बांधलं होतं," ते म्हणाले.

"तसं नाही बाबा."

"तसंच आहे. अन् मले काऊन नाई सांगतलं तुनं? मी इचारो तं म्हणे एक नंबर." खुंटीवरचं मुसकं त्यांनी काढलं, बोटांनी ताणून पाहिलं. दोरीची विणलेली जाळी होती ती. "हे पाह्य. बैलाचं मुसकं जाळीचं राह्यते. त्याले दम घेता येते. म्या फडकं बांधलं. बुढा झालो, अक्कल गेली."

अक्कल गेली नव्हती. सोमवारी मी हे मडावी मिस्त्रीला सांगितलं, तर तो उठून उभा राहिला. "बुढा बरोबर सांगते! रुई तं आत जातेच." त्यानं जिनातली बारीक तारेची जाळी कुठूनशी आणली, कातरली आणि त्या तोंडावर बसवली. कापसाच्या दिवसात आठवड्यातून एकदा झटकायची. ती मी झटकायचो, स्वतः, स्क्रू काढून. गाडी विकेपर्यंत ती जाळी तिथंच होती.

यंत्राची मला चीड नाही. पुढे आमच्या केंद्रावर ओल मोजायचं यंत्र आलं तेव्हा पहिला हात मीच घातला. काटा आणि माझे दात बहुतेक वेळा एकच सांगायचे. सांगत नसत तेव्हा मी शेतकऱ्याला विचारायचो, गाडी कुठे उभी होती, सावलीत की दवात. तेवढं विचारलं की काटा का फिरला ते कळायचं.

सुधाकरला मी म्हटलं, "ने नागपूरला. ती गंमत मीही अजून पाहिलेली नाही, मलाही घेऊन चल. पण आधी ये, दोन स्क्रू काढू." त्याची पँट नवी होती. मी त्याला माझं जुनं लुगडं... म्हणजे त्याच्या बहिणीचं जुनं लुगडं बसायला दिलं. ती आतून ओरडली, "माहं लुगडं तेलात नका घालू!" तोवर उशीर झाला होता. झाकण उघडलं. आत उंदरानं कापसाचं घरटं केलं होतं, अगदी हवेच्या वाटेवर. पहिल्या प्रतीचा कापूस. सुधाकर आधी ओशाळला आणि मग इतका हसला की त्याचा चष्मा घसरला.

त्याला मी एक गोष्ट सांगितली नाही, ती इथं लिहून ठेवतो.

त्या हंगामाच्या शेवटी यादी आली. माझं नाव तिच्यात होतं. वावरात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उरल्या होत्या, बाभळींवरचा कापूस मळकट झाला होता. मी गावी जाऊन सांगितलं आणि बाबा लगेच आत गेले. बाहेर आले ते धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला पटका बांधून.

"चाल," ते म्हणाले. "पाहू दे तुहा चढ."

माझ्या मागे ते ताठ बसले होते. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर, बैलगाडीची दोरी धरावी तसे घट्ट. चढ आला. ती दमदार चढली, दोन माणसांनिशी. वर पोचताच त्यांनी माझा खांदा दाबला.

"थांबव."

"काय झालं बाबा?"

"चढ चढली नं ते. दम खाऊ दे तिले."

इंजिनाला दम खावा लागत नाही हे मला माहीत होतं. त्यावर मी परीक्षेत उत्तर लिहिलं होतं आणि चांगले गुण मिळवले होते. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. बाबा उतरले. बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा त्यांनी टाकीवर हात ठेवला आणि तापलेल्या लोखंडाची टिकटिक बंद होईपर्यंत तसाच ठेवला. मग म्हणाले, "हां. चाल आता."